घंटा वाजतेय तोवर

आमच्या आत्याला कामावरून काढलं, हे तुमच्या कानावर आलंच असेल. असल्या बातम्यांना पाय फुटायला कितीसा वेळ लागतो! पण का काढलं, ते जो तो आपल्या मनाचं सांगतो. कुणी म्हणतं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला, भरदुपारी घंटा बडवत सुटली. कुणी म्हणतं, लोकांचे कागद चोरून वाचायची. त्यातलं दुसरं खरं आहे. पहिलं म्हणणाऱ्याला एकदा माझ्यासमोर उभा करा, मग बघते त्याच्याकडे.

मी तिची भाची. त्याच ठिकाणी अकरा वर्षं स्वयंपाकघर सांभाळतेय आणि अजूनही तिथेच आहे. चोवीस माणसांचं जेवण घड्याळाच्या ठोक्याला करणारी दुसरी बाई त्यांना मिळाली नाही, म्हणून मी वाचले.

ठिकाण म्हणजे शिबिराचं आवार. वस्तीपासून लांब, टेकडीच्या उतारावर. चोवीस खोल्या, मधे ध्यानाचं सभागृह, अंगणात लाकडी चौकटीला टांगलेली मोठी घंटा. मागे झाडी, आणि झाडीच्या पलीकडे बंद पडलेली दगडाची खाण. खाणीत पाणी साठलंय, ते किती खोल आहे कुणालाच ठाऊक नाही. तारेचं कुंपण आहे, पण एका जागी ते वाकलंय. दर बैठकीत ते दुरुस्त करायचं ठरतं आणि तिथेच राहतं.

शिबिर दहा दिवसांचं. श्वासाकडे बघायला शिकवायचे ते भन्ते. चीवर नेसलेले, हळू बोलणारे, मनानं सज्जन माणूस. त्यांच्यानंतर यायच्या लेखिकाबाई. डोळे मिटून जे दिसलं ते आता कागदावर उतरवा, असं त्या सांगायच्या. दहा दिवस पूर्ण मौन. फोन पहिल्या दिवशी ऑफिसच्या कपाटात जमा. एकमेकांकडे बघायचंसुद्धा नाही. आणि या सगळ्यावर देखरेख ठेवायला व्यवस्थापक, ज्यांना मी आणि आत्या आपापसात नियमसाहेब म्हणायचो. त्या माणसाला शिंक आली तरी आधी नियमावली बघून शिंकेल.

अशा जागी आमची आत्या एकोणीस वर्षं नोकरीला होती, हीच खरी गंमत. घरात तिचं नाव रेडिओ. सकाळी डोळा उघडला की सुरू, ते झोप लागेपर्यंत. तिचा नवरा होता तेव्हा म्हणायचा, ‘‘हिला एक तास गप्प बसवा, मी जन्मभर भांडी घासतो.’’ तो गेला आणि त्यानंतर महिन्याभरात आत्या मौनाच्या शिबिरात कामाला लागली. मी विचारलं होतं, का गं? तर म्हणाली, ‘‘घरात बोलायला कुणी नाही. निदान तिथे न बोलण्याचं कारण तरी आहे.’’ हे ती हसत म्हणाली. मला मात्र भरून आलं होतं.

तिचं काम तसं सोपं. घंटा वाजवायची, खोल्या झाडायच्या, चादरी धुवायच्या, आणि चिठ्ठ्या गोळा करायच्या. बोलायचं नाही म्हटल्यावर कुणाला काही हवं असेल तर त्यानं चिठ्ठीवर लिहायचं, खाली खोलीचा नंबर टाकायचा आणि दाराबाहेरच्या डब्यात सोडायची. ‘अजून एक उशी.’ ‘नळ गळतोय.’ ‘शेजारचे घोरतात.’ आत्याची शाळा दुसरीतच सुटलेली. या चिठ्ठ्या लावून लावून ती नीट वाचायला शिकली, वयाच्या पन्नाशीत. चिठ्ठी कुणाची ते तिला अक्षरावरून कळायला लागलं. कुठल्या खोलीचा ‘र’ कसा, हे ती डोळे मिटून सांगायची.

आणि मग तिची भीड चेपली.

त्याचं असं, की लेखिकाबाईंच्या तासाला लिहिलेले कागद कुणी जपून ठेवायचे नाहीत, असा तिथला शिरस्ता. त्यावर नाव नाही, नंबर नाही. तास संपला की सभागृहाच्या दाराशी ठेवलेल्या रांजणात टाकायचे. जेवणानंतर सगळे आपापल्या खोल्यांत विश्रांतीला गेले की आत्या रांजण रिकामा करायची आणि संध्याकाळचं आंघोळीचं पाणी त्या कागदांवर तापायचं. पहिल्या दिवशी भन्ते सगळ्यांसमोर शब्द द्यायचे, ‘‘इथे लिहिलेलं तुमच्याखेरीज कुणाच्याही नजरेला पडणार नाही. तेव्हा निर्भय होऊन लिहा.’’ त्या वेळी आत्या मागे घंटेपाशी मान खाली घालून उभी असायची. लोकांना वाटायचं, किती नम्र बाई! नम्र कसली, चोर!

एकदा काडेपेटी मागायला गेले तर ही बंबाच्या खोलीत उपड्या बादलीवर बसलेली, नाकावर चष्मा, मांडीवर कागदांचा ढीग.

‘‘आत्या, अगं लाज नाही वाटत?’’

‘‘वाटते की. म्हणून तर दार लावून वाचते. आज कडी लावायची राहिली.’’

‘‘कुणाला कळलं तर?’’

‘‘मी कुणाला सांगते का? एवढी बडबड करते, पण यातला एक शब्द कधी तोंडातून निघालाय?’’

ते मात्र खरं होतं. आणि शपथेवर सांगते, माझ्याही पोटात ते तेवढंच राहिलं. पुढे मला कळलं की ती नुसतं मजेखातर वाचत नव्हती. आधी वाचत असेल, पण सहा वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली आणि मजा संपली.

आठव्या दिवशी लेखिकाबाई एक ठरलेला विषय देतात. ‘समजा, उद्याचा दिवस तुम्हाला मिळणार नाही. आज कुणाला काय लिहाल?’ भन्ते त्याआधी मरणावर बोलतात. त्यांच्या शिकवणुकीत त्याचं भय घालवायला ते शिकवतातच. मग सभागृहात नुसती मुसमुस. त्या दिवशी मी सूप जरा पातळ करते, कारण कुणाच्या घशाखाली काही उतरत नाही. आत्या त्या दिवशीच्या कागदांना रडकी पानं म्हणायची. आईला माफी, नवऱ्याला माफी, बहिणीशी बोललो नाही त्याची माफी. सगळी ओली, सगळी छान छान शब्दांनी भरलेली. दहाव्या दिवशी हीच माणसं हसत एकमेकांचे फोन नंबर घेतात.

सहा वर्षांपूर्वीच्या आठव्या दिवशी रांजणात एक कोरडं पान होतं. कुणा पुरुषाचं. त्यात माफी नाही, काही नाही. ‘कुत्र्याला मित्राकडे सोडून आलो आहे. तो दूध पीत नाही. घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं ते परत आणून टेबलावर ठेवलं आहे.’ आत्या मनात म्हणाली, काय टापटिपीचा माणूस! आणि पान बंबात घातलं.

शिबिर संपून दोन आठवडे झाले असतील, त्या माणसाची बहीण ऑफिसात आली. तो आता नव्हता, मागे त्याचा कुत्रा तेवढा मित्राकडे राहिला होता. ती विचारत होती, ‘‘त्यानं इथे काही लिहून ठेवलं होतं का हो? एक ओळ तरी?’’ नियमसाहेबांनी तिला नियम समजावून सांगितला. इथलं लिखाण कुणी वाचत नाही, बाई, ते जाळतात. आत्या चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. ती बाई म्हणाली, मला निदान ते जाळता ती जागा दाखवा. आत्यानंच नेलं तिला बंबाच्या खोलीत. ती कितीतरी वेळ राखेकडे बघत बसली होती, आणि आत्याच्या जिभेवर ती तीन वाक्यं तशीच अडकली. सांगितली असती तर चोरी उघडी पडली असती. नोकरीबरोबर आवारातली तिची खोलीही गेली असती, आणि भन्त्यांचा शब्द खोटा पडला असता. ती गप्प बसली.

‘‘त्या दिवशी मी बोलायला हवं होतं,’’ ती मला म्हणाली. ‘‘त्याच्याही आधी, पान हातात आलं तेव्हाच. ‘सोडून आलो आहे’, असं लिहिलं होतं गं त्यानं. बाकीचे लिहितात, हे करा, ते करा. यानं सगळं करूनच ठेवलं होतं.’’

तेव्हापासून ती प्रत्येक पान वाचायची. मागेपुढे करून, दोनदा. तिच्या बडबडीतही फरक पडला. बोलता बोलता मधेच थांबायची. मी विचारलं तर म्हणायची, काही नाही, चादरी मोजतेय.

आता घंटेचा नियम सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही. घंटा ऐकू आली की हातातलं काम जिथल्या तिथे थांबवायचं. घास तोंडाशी असेल तर तिथेच. पाऊल उचललेलं असेल तर टेकवायचं आणि उभं राहायचं. तीन श्वास घ्यायचे, आणि घंटेचा घुमारा पूर्ण विरला की मगच हलायचं. पहिल्या दिवशी लोकांना हसू येतं. तिसऱ्या दिवसापासून अंगच ऐकायला लागतं. माझे किती कांदे करपलेत त्यापायी, विचारू नका. एकदा सुट्टीत भर रस्त्यात दूधवाल्यानं सायकलची घंटी वाजवली आणि मी आपली उभी! मागचा स्कूटरवाला काय काय बोलला, ते इथे सांगण्यासारखं नाही.

तर मागच्या शिबिरातला आठवा दिवस. ऊन असं की पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. सकाळच्या चिठ्ठ्यांमधे एक चिठ्ठी होती, सात नंबरच्या खोलीतली. सात नंबर म्हणजे एक चाळिशीच्या बाई, बारीक, नीटनेटक्या, ताटात कधी कण टाकला नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘माझी चादर आजच धुवून टाका. उद्या लागणार नाही.’

आत्या ती घेऊन माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात आम्ही कुजबुजत बोलायचो.

‘‘अजून दोन रात्री आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या का लागणार नाही?’’

‘‘उकडत असेल. मीही चादर घेत नाही हल्ली.’’

‘‘हं,’’ म्हणाली आणि गेली. पण मला तिचा चेहरा आवडला नाही. कांदा चिरताना दोनदा बोट वाचवलं मी.

जेवणं झाली. सगळे खोल्यांत गेले. मी भांडी विसळत होते, तेवढ्यात आत्या धावत आली. साठी उलटलेली बाई, तिला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या हातात एक पान होतं.

‘‘वाच.’’

‘‘मी नाही वाचणार, मला नको तुझ्या—’’

‘‘वाच म्हणते ना!’’ हे ती मोठ्यानं बोलली. आवारात, मौनाच्या वेळात.

पान कोरडं होतं. सरळ, गोल अक्षर. ‘गॅस बंद करून आले आहे. कुंड्या वाटून टाकल्या. किल्ली शेजारच्या आजींना देऊन आले आहे, ती आता त्यांच्याकडेच राहू द्या. कुणी धावपळ करू नये.’ बस, एवढंच. आत्यानं शेजारी सकाळची चिठ्ठी धरली. पानावरचा ‘द्या’ आणि चिठ्ठीतला ‘उद्या’ एकाच हातचे, शेपटी खाली ओढलेली.

‘‘खोलीत बघून आले,’’ आत्या म्हणाली. ‘‘नाहीये ती. चादर घडी करून ठेवलीय. आधी साहेबांकडे गेले, नुसती चिठ्ठी दाखवली. म्हणतात, आठव्या दिवशी सगळे असेच असतात, विश्रांतीच्या वेळात कुणाच्या खोलीशी जायचं नाही. भन्ते आत बसलेत, दार लावलंय.’’

‘‘पान दाखवलंस का त्यांना?’’

तिनं माझ्याकडे पाहिलं. दाखवलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वीसारखंच तिचं तोंड ऐन वेळी मिटलं होतं, आणि त्यात पाच मिनिटं गेली होती. त्या पाच मिनिटांबद्दल तिनं स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

‘‘कुठे शोधायचं गं तिला?’’ मी म्हटलं. ‘‘रस्ता आहे, झाडी आहे, खाण...’’

‘‘तू खाणीकडे धाव. मी तिला थांबवते.’’

‘‘इथून? कशी थांबवणार?’’

उत्तर द्यायला ती थांबली नाही. मी मागच्या दारातून बाहेर पडले तोवर पहिला ठोका पडला.

आणि माझे पाय थांबले! देवाशप्पथ, थांबले. अकरा वर्षांची सवय. मी स्वतःला शिवी घातली आणि पाय उचलला, तर दुसरा ठोका. मागे वळून पाहिलं. खोल्यांची दारं उघडत होती, माणसं उंबऱ्यावर येऊन उभी राहत होती, गोंधळलेली, पण उभी. नियमसाहेब ऑफिसच्या पायरीवर, तोंड उघडं, बहुतेक ओरडणार होते, पण तेही उभे. आणि मधे आमची आत्या, दोरी दोन्ही हातांनी धरून, आख्ख्या अंगानं ओढत होती. एक घुमारा विरायच्या आत दुसरा. तो विरूच देत नव्हती ती. तेव्हा मला तिचा डाव कळला. घंटा वाजतेय तोवर हलायचं नाही.

मी धावले. झाडीतून, काट्यांतून, स्वयंपाकघरातल्या सपाता घालून. प्रत्येक ठोक्याला अंग थबकायला बघायचं आणि मी त्याला पुढे ढकलायचे. मनात एकच, आत्या, थांबू नकोस. हात तुटला तरी थांबू नकोस.

कुंपण वाकलंय तिथे गवत दबलेलं होतं. पलीकडे एक सपाट कातळ आहे, त्याच्या पुढे काही नाही, खाली नुसतं काळं पाणी. कातळावर पायातले बूट जोडीनं ठेवलेले. आणि त्यांच्या पुढे चार पावलांवर त्या बाई. पाठमोऱ्या. हात बाजूला सोडलेले. ताठ उभ्या. त्यांचे खांदे वर होत होते, खाली येत होते. श्वास मोजत होत्या त्या.

इतकी वर्षं त्या आवारात वाढलेलं ताट सरकवायचं आणि मान हलवायची, एवढंच जमायचं मला. शेवटी म्हटलं, ‘‘बाई, मी स्वयंपाकघरातली. सूप करते ती.’’

त्या वळल्या नाहीत. तशाच म्हणाल्या, ‘‘ही थांबत का नाहीये?’’ आठ दिवस न वापरलेला आवाज, घोगरा.

‘‘तुम्ही आलात की थांबेल.’’

‘‘कोण वाजवतंय?’’

‘‘माझी आत्या आहे. वय झालंय हो तिचं. फार वेळ नाही जमणार तिला. चला ना.’’

मी हे अगदी रडकुंडीला येऊन म्हटलं, काही मुद्दाम ठरवून नाही. आणि त्याच वेळी घंटेचा एक ठोका चुकला. नुसता अर्धा क्षण. त्या बाईंची टाच उचलली गेली. मग पुन्हा ठोका पडला, जरा हलका, पण पडला. टाच खाली टेकली. मी तेवढ्यात कुंपणातून पलीकडे जाऊन त्यांचं मनगट धरलं होतं. इतकं घट्ट धरलं, की नंतर तिथे माझ्या बोटांचे वळ उठले होते.

आम्ही परत आलो ते चालत. बूट मी दुसऱ्या हातात घेतले होते. सगळ्या वाटेवर घंटा वाजत होती. अंगणात आलो, आत्यानं आम्हाला पाहिलं आणि दोरी सोडली. तिच्या तळहातांची साल निघाली होती, दोरीला लाल डाग पडले होते. घुमारा विरायला खूप वेळ लागला. तेवीस माणसं, लेखिकाबाई, दार उघडून बाहेर आलेले भन्ते, कुणी हललं नाही.

नियमसाहेब आधी बोलले. ‘‘कुणाच्या परवानगीनं वाजवलीत ही?’’

आत्या त्यांच्या बाजूनं निघून सरळ सात नंबरच्या बाईंसमोर येऊन उभी राहिली. धापा टाकत होती. म्हणाली, ‘‘त्या शेजारच्या आजींना फोन करा आणि किल्ली परत मागा.’’

बाईंनी मान वर केली. ‘‘तुम्ही वाचलंत?’’

‘‘वाचलं.’’ आत्या सगळ्यांकडे वळली. ‘‘सगळ्यांचंच वाचते मी. कैक वर्षं झाली. भन्ते, तुमचा शब्द मी मोडलाय, मला काय ती शिक्षा द्या. पण आधी कुणीतरी यांचा फोन आणा.’’

कुणीतरी ‘शी!’ म्हणालं. एक माणूस रागानं खोलीत निघून गेला. भन्ते स्वतः ऑफिसात गेले, कपाट उघडलं आणि फोन घेऊन आले. बाईंनी फोनात आजींचं नाव शोधून दिलं, नंबर आत्यानं लावला. आवाज मोठा ठेवला होता, आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

‘‘अगं, तू होय! किल्ली ना, आहे की. खिळ्याला लावलीय. कधी येतेयस?’’

बाई फोनकडे बघत राहिल्या. एक श्वास, दुसरा श्वास. तिसऱ्याला त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्या रडल्या.

‘‘उद्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उद्या येते, आजी.’’

आत्यानं पदराला हात पुसले आणि घडी केलेली चादर पुन्हा अंथरायला ती सात नंबरच्या खोलीकडे निघाली.